अस्फुट स्वरांची गोडी

गाण्यात शब्द श्रेष्ठ की स्वर, हा वाद महाराष्ट्रास नवा नाही. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळी नटाने तानांच्या वर्षावात पदाचा अर्थ बुडविला म्हणून रसिकांत दोन तट पडत. एक तट म्हणे, पद हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे. दुसरा म्हणे, कळण्यासाठी गद्य आहेच की! तोच वाद आज आपल्या घराघरांत निराळ्या वेषाने पुन्हा उभा राहिला आहे. फरक एवढाच की, पूर्वी दोन्ही पक्ष एकाच बैठकीत मांडीला मांडी लावून बसत आणि वाद घालीत. आता एक पक्ष दिवाणखान्यात असतो आणि दुसरा पक्ष कानांस हेडफोन लावून, दार लोटून आतल्या खोलीत. त्यामुळे वाद होतच नाही. होतो तो केवळ अबोला.

पालकसभेच्या दिवशी गुणपत्रके पाहून झाल्यावर पुष्कळ माता-पिता खुर्ची पुढे ओढून हळूच एक तक्रार सांगतात. "सर, मुलगी तासन् तास काहीतरी ऐकत बसते. मी एकदा कानाला लावून पाहिले. एक शब्द समजला नाही. गिटार वाजते आहे की वारा सुटला आहे, हेही कळेना. याला गाणे म्हणावयाचे काय? आणि असे ऐकून मुलीचे मन बिघडावयाचे नाही ना?" तक्रारीच्या तळाशी राग नसून भीती असते. आपल्या मुलाला आवडणारी वस्तू आपल्याला मुळीच उमगत नाही, तेव्हा मूलच आपल्यापासून दूर चालले की काय, अशी ती भीती होय. या भीतीस उत्तर देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ज्या संगीताबद्दल ही तक्रार आहे त्याला मुले 'इंडी रॉक' म्हणतात. 'इंडी' म्हणजे स्वतंत्र. मोठमोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या पदरी न राहता लहान कंपन्यांच्या साह्याने किंवा स्वतःच्या खर्चाने जे कलावंत आपले संगीत प्रसिद्ध करू लागले, त्यांच्यावरून हे नाव इंग्लंडात १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रूढ झाले. आपल्या देशात या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला आहे. येथे संगीत म्हणजे चित्रपटाचे संगीत, अशी बहुतेकांची समजूत असल्यामुळे जे गाणे कोणत्याही चित्रपटासाठी रचलेले नाही ते आपोआपच 'स्वतंत्र' ठरते. या स्वतंत्र संगीतातही एक उपशाखा अशी आहे की, तिच्यात स्वरांवर जाणूनबुजून धुके पसरलेले असते. गायकाचा आवाज वाद्यांच्या मागे लपतो, गिटारीच्या तारा एकमेकींत विरघळतात, आणि सर्व काही अर्धवट झोपेत ऐकल्यासारखे भासते. आपल्या मुलांस जी गोडी लागली आहे ती या शाखेची.

या शाखेतील सर्वांत प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका कोणती असे विचाराल, तर जाणकार बहुधा एकच नाव घेतील. ते म्हणजे 'लव्हलेस'. आयर्लंडातील डब्लिन शहरी स्थापन झालेल्या एका चौघांच्या बँडने ती ४ नोव्हेंबर १९९१ रोजी प्रसिद्ध केली. बँडचे नाव 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' असे काहीसे अंगावर काटा आणणारे आहे, आणि ते ऐकूनच काही पालक दचकतील. परंतु संगीतात भयंकर असे काही नाही. या बँडचा प्रमुख केविन शील्ड्स हा गिटार वाजविताना तिच्या पुलाला जोडलेली धातूची दांडी हातात धरून ठेवी आणि तारा छेडता छेडताच ती किंचित हलवीत राही. त्यामुळे तारांचा ताण क्षणोक्षणी कमी-अधिक होई व स्वर आपल्या जागी स्थिर न राहता पाण्यावरील प्रतिबिंबाप्रमाणे डुलत राही. बिलिंडा बुचर ही गायिका कित्येकदा पहाटे झोपेतून उठून, डोळ्यांवरची झापड गेलेली नसतानाच गात असे. मग तिचा आवाज मुद्दाम वाद्यांच्या पातळीस, किंबहुना त्याहूनही खाली ठेवला जाई, म्हणजे तोही एक वाद्यच होऊन जाई. शब्द कळत नाहीत ही तक्रार जर आपण त्या मंडळींकडे नेली असती, तर "आम्हांला हेच साधावयाचे होते" असे उत्तर मिळाले असते.

आता कोणी म्हणेल, हेतू कळला. पण असा हेतू धरणेच चुकीचे नव्हे काय? जे सांगावयाचे ते स्पष्ट सांगावे, हा सरळ मनुष्याचा मार्ग होय. निबंधाच्या वहीत मी स्वतः हेच शिकवितो. वाक्य संदिग्ध असेल तर त्याखाली तांबडी रेघ ओढतो. परंतु निबंध आणि संगीत यांचे धर्म भिन्न आहेत. आमच्या कोलशेतास खाडीचा शेजार आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे खाडीवर धुके उतरते, तेव्हा पलीकडचा किनारा, पाण्यातील होड्या आणि अलीकडचे उंच उंच नवे मनोरे या साऱ्यांच्या कडा पुसट होतात. त्या वेळी कोणी असे म्हणत नाही की, हे दृश्य नीट दिसत नाही, सबब ते वाईट आहे. उलट रोज घाईने जाणारा माणूसही क्षणभर उभा राहतो. जे पूर्णपणे दिसते त्याकडे आपण पाहीनासे होतो. जे अर्धे दिसते ते उरलेले अर्धे आपल्या मनाकडून मागून घेते. अस्फुट स्वरांची गोडी नेमकी हीच आहे. त्यात ऐकणाऱ्यालाही काही काम असते.

ही गोडी परदेशातून आली आणि आपल्या कानांस ती अपरिचित आहे, असेही समजण्याचे कारण नाही. तंबोरा घ्या. त्याच्या तारा चार. बहुधा एक पंचमाची, दोन जोडाच्या षड्जाच्या व एक खर्जाची. घोडीवर तारेखाली दोऱ्याचा बारीकसा तुकडा सरकवून जवारी लावली म्हणजे तार नुसती वाजत नाही, ती गुंजू लागते. आणि मग नवल असे की, चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून, ज्याची तारच लावलेली नाही असा गांधार स्पष्ट ऐकू येतो. तो खर्जाच्या तारेच्या पोटात दडलेला असतो. तंबोऱ्याचा हा झंकार म्हणजे स्वरांचे धुकेच नव्हे काय? हे धुके निर्माण करण्याची विद्या आपल्या मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या जतन केली असून, २०२४ साली मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या महाराष्ट्राने जगाला असा तंबोरा दिला, त्या महाराष्ट्रातील आईबापांनी गिटारीच्या गुंजनाला घाबरावे, हे थोडे विचित्र दिसते.

शब्दांची गोष्टही तशीच. तराण्यात 'तोम्, तनन, देरेना' यांखेरीज काय असते? आलापात तर तेवढेही नसते. मिरजेस ज्यांनी आपले वास्तव्य केले ते किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ यांच्या गायनात बंदिशीच्या शब्दांपेक्षा स्वराला अधिक मान असे, आणि शब्द नीट कळत नाहीत हा आक्षेप त्या घराण्यावर पुष्कळदा घेतला गेला. खाँसाहेब १९३७ साली वारले. आक्षेप घेणारेही गेले. गाणे मात्र राहिले. आपल्या ठाणे-रायगडाकडील आगरी समाजात लग्नविधीच्या वेळी धवलारीण जे धवले गाते, त्यांतील किती जुने शब्द आजच्या नवरदेवास समजतात? तरीही ते सुरू झाले म्हणजे मांडवातली बडबड थांबते. अर्थ पुरता न कळताही गाण्याने माणूस हलतो, ही गोष्ट आपल्या आजीबाईंस ठाऊक होती. आपणच ती विसरलो.

जागेचा घुमारा हाही याच कुळातील. विजापूरचा गोल घुमट मुलांनी सहलीत पाहिला असेल. सतराव्या शतकात बांधलेल्या महंमद आदिलशहाच्या या कबरीच्या घुमटाखालील सज्जात उभे राहून कुजबुजले तरी तो आवाज पलीकडच्या भिंतीशी उभ्या असलेल्या माणसास ऐकू येतो आणि टाळी वाजविली तर ती पुनःपुन्हा परत येते. जुन्या दगडी चर्चमध्ये गायलेली स्तोत्रे ज्यांनी ऐकली आहेत, त्यांनाही हा अनुभव आहे. शेवटचा स्वर तोंडातून निघून गेल्यावरही तो छताखाली काही क्षण रेंगाळत राहतो. आजचा गिटारवादक पायाशी ठेवलेल्या लहानशा पेटीवरची कळ दाबून असाच घुमट आपल्याबरोबर वागवितो. या पेट्यांकडे पाहण्यासाठी रंगमंचावर सदा मान खाली घालून उभे राहणाऱ्या वादकांस इंग्लंडातील पत्रकारांनी 'बुटांकडे टक लावणारे' अशा अर्थाचे थट्टेचे नाव दिले. आणि थट्टेचे तेच नाव पुढे त्या संगीतप्रकारास कायमचे चिकटले.

परंतु हे सारे परदेशचे, आपल्या मातीत त्याचे काय, असे कोणी विचारील. मुंबईत या प्रयत्नांस पन्नास वर्षे होऊन गेली. १९७० नंतरच्या दशकात 'ॲटॉमिक फॉरेस्ट' नावाचा एक बँड मुंबईत वाजवीत असे. प्रसिद्ध नाट्यकर्मी आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे हे काही काळ या बँडचे गायक होते. मराठी रंगभूमीच्या घरात वाढलेल्या या तरुणाने १९७४ साली ॲलेक पदमसी यांनी मुंबईत उभ्या केलेल्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या संगीतिकेत यहूदाची भूमिका गाऊन गाजविली आणि १९७८ साली पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा' या नाटकात रॉकचा सूर थेट मराठी प्रेक्षकांपुढे आणला. 'ॲटॉमिक फॉरेस्ट'ची 'ऑब्सेशन ७७' ही ध्वनिमुद्रिका १९८१ साली निघाली. तिचे फारसे कौतुक झाले नाही. ती लवकरच विस्मृतीत गेली. पुढे तीस वर्षांनी, २०११ साली, अमेरिकेतील एका लहान कंपनीने ती शोधून पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा जगातील संग्राहकांना कळले की, मुंबईतही असे काही घडले होते. आपल्या अंगणातील वस्तूचे मोल परक्याने येऊन सांगावे, हा अनुभव आपल्याला अनेक बाबतींत आला आहे. या बाबतीतही आला.

त्या काळी श्रोत्यांची मागणी अशी असे की, वाजवावयाचे तर परदेशी बँडची प्रसिद्ध गाणी वाजवा. तुमची स्वतःची कोणास हवीत? हा ओघ उलटविण्याचे काम १९८४ साली स्थापन झालेल्या 'रॉक मशीन'सारख्या मुंबईच्या बँडने केले. १९८८ साली त्यांनी स्वरचित गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. १९८६ पासून मुंबईत 'इंडिपेंडन्स रॉक' या नावाचा उत्सव भरू लागला, आणि धोबी तलावच्या रंगभवनाच्या उघड्या आकाशाखाली हजारो तरुणांनी आपल्याच शहरातील मुलांची वाद्ये ऐकली. त्यानंतरच्या पिढीतील वॉरन मेंडोन्सा या गिटारवादकाचे उदाहरण मुद्दाम सांगण्याजोगे आहे. 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' या नावाने त्याने २००७ साली 'नाइट्स इन शायनिंग कर्मा' ही ध्वनिमुद्रिका काढली व पुढे २००९, २०१४ आणि २०१७ साली आणखी तीन काढल्या. हे संगीत बहुतांशी शब्दावाचून, केवळ गिटारीवर बोलते. पुण्याच्या 'ईझी वाँडरलिंग्ज' या मंडळीने २०१७ साली प्रसिद्ध केलेली 'ॲज रिटन इन द स्टार्स' ही ध्वनिमुद्रिकाही अशीच मृदू व स्वप्नाळू आहे. ज्या पालकांस परदेशी गोंगाटाने प्रारंभ करणे जड वाटेल, त्यांनी या दोहोंपैकी एकीने करावा.

येथवर मी मुलांची बाजू मांडली. आता मुलांस दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. कारण वकिलाने पक्षकाराच्या चुका झाकणे न्यायालयात शोभते, शिक्षकास ते शोभत नाही.

पहिली गोष्ट अशी की, अस्पष्ट असते ते सर्वच सुंदर असते, असे नाही. आळसानेही अस्पष्टता येते. न जुळलेल्या तारा, न पाठ झालेला ताल आणि न सुचलेले शब्द यांवर घुमाऱ्याचे पांघरूण घालून "हा आमचा प्रयोग आहे" असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. खरे-खोटे ओळखण्याची एक साधी कसोटी सांगतो. ती ध्वनिमुद्रिका दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ऐका. धुके जर खरे असेल तर प्रत्येक वेळी त्यातून पूर्वी न दिसलेला एखादा किनारा दिसेल; मागे लपलेली एखादी चाल हाती लागेल. धुके जर नुसता धूर असेल तर तिसऱ्या खेपेस डोळे चुरचुरतील, दुसरे काही होणार नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. 'लव्हलेस' ऐकताना असे वाटते की, कोणीतरी झोपेत सहज गुणगुणले आणि ते यंत्राने टिपून घेतले. वस्तुस्थिती काय होती? ती ध्वनिमुद्रिका पुरी होण्यास १९८९ ते १९९१ अशी दोन वर्षांहून अधिक मुदत लागली. एकोणीस स्टुडिओ बदलले गेले. तिच्यापायी अडीच लक्ष पौंड खर्ची पडून 'क्रिएशन' ही लहानशी कंपनी बुडता बुडता वाचली, अशी आख्यायिका आहे. हा आकडा शील्ड्स याने नाकारला आहे, परंतु खर्च त्या कंपनीच्या शक्तीबाहेरचा होता, याविषयी वाद नाही. ध्वनिमुद्रिका निघाल्यावर कंपनीने या बँडशी संबंध तोडला, आणि त्यांची पुढची ध्वनिमुद्रिका निघावयास २०१३ साल उजाडले. विद्यार्थी मित्रहो, ज्या वस्तूवर तुम्ही स्वप्नाळू म्हणून लुब्ध झालात ती अत्यंत जागेपणी घडविलेली आहे. एकेक स्वर शंभरदा तपासून मगच तो अंधुक केलेला आहे. स्वप्न पाहणे सोपे असते; दुसऱ्यास स्वप्न दिसेल अशी वस्तू घडविणे हे कष्टाचे काम असते. पलंगावर पडून ऐकता ऐकता हा भेद विसरू नका.

तिसरी गोष्ट कानांची. हे संगीत मोठ्याने ऐकण्याकडे मुलांचा कल असतो. हाच बँड २००८ साली पुन्हा रंगमंचावर आला तेव्हा त्याचा आवाज इतका प्रचंड असे की, कार्यक्रमाच्या दाराशीच श्रोत्यांना कानांत घालावयाचे बोळे वाटण्यात येत. घरी असा बोळे वाटणारा कोणी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने ८० डेसिबल तीव्रतेचा आवाज आठवड्यास ४० तासांहून अधिक ऐकू नये आणि मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबलची आहे. आवाज वाढला की सुरक्षित वेळ झपाट्याने घटतो. कानाच्या आतील सूक्ष्म केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ज्या इंद्रियाच्या योगे ही गोडी मिळते त्याच इंद्रियाचा तिच्यासाठी बळी देणे यासारखा वेडेपणा नाही.

इतके सांगून पुन्हा पालकवर्गाकडे वळतो. मुले हे संगीत का ऐकतात, याविषयी माझे मत असे आहे. आजच्या मुलाच्या वाट्याला येणारा प्रत्येक शब्द त्याच्याकडून काही तरी मागणारा असतो. पाठ्यपुस्तक उत्तर मागते, शिकवणीवर्ग टक्के मागतो, जाहिरात पैसे मागते आणि मोबाईलवरचा प्रत्येक संदेश तत्काळ जबाब मागतो. आम्ही शिक्षक व तुम्ही पालक या मागणाऱ्यांत शेवटचे नाही. अशा वेळी जेथे शब्द आहेत पण ते काहीच मागत नाहीत, आवाज आहे पण तो हुकूम करीत नाही, अशी जागा मुलास सापडली तर तो तेथे जाऊन बसणारच. दहावीच्या वर्षात असलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने मला एकदा सांगितले, "सर, ते ऐकताना मला कोणी काही विचारीत नाही." या एका वाक्याने तिची गुणपत्रिका मला निराळ्या रीतीने वाचता आली. मूल एकटे बसले म्हणजे ते दुःखीच असते असे नव्हे; पण ते दुःखी आहे की केवळ विसावा घेत आहे, हे दाराबाहेरून कळत नाही. त्यासाठी दार वाजवून आत जावे लागते, आणि आत जाताना "हे काय लावले आहेस?" या प्रश्नाऐवजी "मलाही ऐकव" ही विनंती घेऊन गेलात तर दार लवकर उघडेल.

शाळेसही या बाबतीत काही कर्तव्य आहे, आणि ते मी स्पष्टपणे मांडतो. गतवर्षी स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमाची निवड चालली असता इयत्ता नववीच्या चार विद्यार्थ्यांनी स्वतः रचलेली एक चाल वाजवून दाखविली. दोन गिटारी, एक कीबोर्ड आणि एक मुलगी गाणारी. शब्द मराठी होते, पण ते गिटारीच्या लाटांत बुडत आणि पुन्हा वर येत. निवड समितीत मतभेद झाला. बहुमत असे पडले की, शब्द ऐकू येत नाहीत, पाहुण्यांना समजणार नाही, त्यापेक्षा चित्रपटातील एखादे गाणे बसवा. मुलांनी मुकाट्याने चित्रपटातील गाणे बसविले, ते बरे वाजविले, टाळ्याही पडल्या. समितीचा हेतू शुद्ध होता याविषयी मला शंका नाही. तथापि मी त्या वेळी अल्पमतात होतो आणि आजही आहे. मुलांनी दुसऱ्याची गाणी हुबेहूब वठविली की आपण बक्षीस देतो, आणि स्वतःचे काही आणले की ते समजत नाही म्हणून परत पाठवितो. मग मोठेपणी हीच मुले स्वतंत्र विचार करीत नाहीत म्हणून कपाळास हात लावतो. मुंबईच्या बँडना आपली स्वतःची गाणी श्रोत्यांपुढे आणण्यास जी कित्येक वर्षे लागली, ती आपल्या शाळेतील मुलांची तरी वाचावीत.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, येत्या स्नेहसंमेलनात अर्धा तास केवळ विद्यार्थ्यांच्या स्वरचित संगीतासाठी राखून ठेवावा. ते भजन असो, कोळीगीत असो की धुक्यातले रॉक असो. अट एकच असावी की, चाल व शब्द त्यांचे स्वतःचे असावेत आणि तालीम भरपूर झालेली असावी. पाहुण्यांना सर्व काही समजले नाही तरी चालेल. पाहुणे वर्षातून एकदा येतात. मुले रोज येतात. या अर्ध्या तासात काही वेडेवाकडे होईल, कोणाची तार तुटेल, कोणाचे शब्द बुडतील. त्याने शाळेची अब्रू जाणार नाही. एखाद्या मुलास मात्र असे कळेल की, आपण मनात जे ऐकतो ते बाहेर आणण्यास या जगात जागा आहे. आणि हे ज्ञान कोणत्याही ढालीहून मोलाचे आहे.

पालकांस माझी मागणी याहूनही लहान आहे. 'लव्हलेस'मध्ये अकरा गाणी असून ती सर्व मिळून सुमारे ४८ मिनिटांची आहेत. आपल्या जुन्या कालगणनेत चोवीस मिनिटांची एक घटका आणि दोन घटकांचा एक मुहूर्त होतो. म्हणजे हिशेब बरोबर एका मुहूर्ताचा आहे. एखाद्या रविवारी सायंकाळी मुलाच्या किंवा मुलीच्या शेजारी बसून, हेडफोन बाजूला ठेवून, आवाज माफक ठेवून, ती ध्वनिमुद्रिका किंवा तिच्याऐवजी मुलाच्या आवडीची दुसरी कोणतीही, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ओळीने ऐकावी. मध्ये मोबाईल पाहू नये. शब्द कोणते म्हणून विचारू नये. अभ्यासाचे नाव काढू नये. ती आपल्याला आवडेलच असे मी म्हणत नाही. न आवडल्यास तसे प्रांजळपणे सांगावे. मुलांस खोट्या कौतुकापेक्षा खरे नावडणे अधिक समजते. मात्र ऐकून झाल्यावर नावडणे आणि न ऐकताच नावडणे यांत जे अंतर आहे, तेच अंतर पुष्कळ घरांत दिवाणखाना आणि आतली खोली यांमध्ये पडलेले आहे. ते एका मुहूर्ताने कमी होणार असेल तर हा सौदा स्वस्त आहे.